उच्चार कुणाच्या कानासाठी?

माझी एक जुनी विद्यार्थिनी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडची आहे. घरात कोकणा बोली, शाळा मराठी, आणि आता गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पाहुण्यांना बाग फिरवून दाखवायचं काम. मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी ती घरी आली आणि चहा व्हायच्या आधीच तिने फोन पुढे केला. उच्चार तपासणारं ॲप होतं. तिने म्हटलेलं इंग्रजी वाक्य पडद्यावर. काही अक्षरं हिरवी, थोडी पिवळी, बरीचशी लाल. खाली आकडा, ६१ टक्के. म्हणाली, "मॅडम, तीन आठवडे झाले, एकसष्टच्या पुढे जातच नाही. रोज रात्री बसते. नेमकं काय चुकतंय तेच कळत नाही."

मी म्हटलं, तेच वाक्य मला म्हणून दाखव. 'ही वेल वीस वर्षांची आहे' एवढंच सांगणारं वाक्य होतं. मला सगळं कळलं, एक शब्द सोडून. वेलीला इंग्रजीत 'व्हाइन' आणि प्यायची ती 'वाइन'. तिच्या तोंडी दोन्ही 'वाइन'च झाले होते. म्हणजे बागेत वेलीपाशी उभी राहून ती पाहुण्यांना 'ही वाइन वीस वर्षांची आहे' असं सांगत होती. ही चूक खरी आहे आणि ती सुधारायलाच हवी. पण ॲपने तिचा ट लाल केला होता, र लाल केला होता, 'धिस'मधला पहिला ध्वनीही लाल केला होता. त्या तिन्हींमुळे कुठल्याही पाहुण्याचा काडीचाही गैरसमज झाला नसता. अर्थ बदलणारी चूक आणि नुसतं वेगळेपण, दोन्हींना एकच लाल रंग. बिचारीने तीन आठवडे र घोटण्यात घालवले होते.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत वीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकवते आहे. ही नवी साधनं आमच्या मुलांच्या हाती यावीत असं मला मनापासून वाटतं. पण ती कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क आपण ॲपकडे देऊन टाकला आहे, आणि तो परत घ्यायला हवा. मुलांचं बोलणं समोरच्याला कळलं पाहिजे, हे ध्येय. मराठीचा मागमूस पुसणं हे ध्येय असता कामा नये.

आधी बाजूने बोलते, कारण ती बाजू मी स्वतः भोगली आहे. अकरावीत शहरातल्या एका कॉलेजात आले, पहिल्याच महिन्यात धडा वाचायला उभं केलं, आणि मी 'डिटर्मिन' या शब्दाचा उच्चार लिहिल्याबरहुकूम 'डिटरमाइन' असा केला. वर्ग हसला. शिकवणारेही हसले. त्यानंतर दोन वर्षं मी त्या वर्गात इंग्रजीतून एकही प्रश्न विचारला नाही. परीक्षेत चांगले गुण मिळवले, पण तोंड मिटलेलं. माझ्यासारख्या किती जणी असतील याचा अंदाज मला माझ्या वर्गाकडे बघून येतो. जीभ वळत नाही म्हणून गप्प बसणारी मुलं थोडी असतात. लोक हसतील म्हणून गप्प बसणारीच जास्त. यंत्र हसत नाही. रात्री अकरा वाजता, पांघरुणात तोंड घालून, एकच शब्द चाळीस वेळा म्हटला तरी ते कंटाळत नाही. हा गुण मला फार मोठा वाटतो. कुठल्याही शिक्षकाला तो पेलणारा नाही, कारण तासिका पस्तीस मिनिटांची आणि वर्गात साठ मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा धड येत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा पहिलीत बसलेली मुलं आज स्वतः आईबाप झाली आहेत. इतक्या वर्षांत पुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली, पण पुस्तकाला आवाज नसतो. ज्या शिक्षकांनी स्वतः इंग्रजी कानाने कधी फारसं ऐकलंच नाही, त्यांनी ते डोळ्यांनी वाचून शिकवलं, आणि डोळ्यांनी वाचलेली इंग्रजी फसवते. ज्यातला ब मुका आहे तो 'डेट' (कर्ज), ज्यातला प मुका आहे तो 'रिसीट', आणि आमच्या नाशिकचा खास शब्द 'व्हिन्यर्ड'. आपण सगळे त्याला 'वाईनयार्ड' म्हणतो. पाट्यांवरही तसंच लिहितो. शब्दकोशात मात्र पहिला स्वर ऱ्हस्व आहे आणि 'यार्ड'चाही नुसता 'यर्ड' उरतो. फोनवर शब्द दाबला की तो ऐकू येतो, हवा तितका सावकाश ऐकू येतो. माझ्या लहानपणी हे असतं तर 'डिटर्मिन' मला त्या वर्गात शिरण्याआधीच कळला असता.

म्हणून साधन हवंच. आता त्याच्या आत काय चालतं ते जरा पाहू, कारण ते माहीत नसल्यामुळेच मुलं त्या आकड्यापुढे मान तुकवतात.

उच्चार तपासणाऱ्या ॲपला तुम्ही कुठलं वाक्य म्हणणार हे आधीच माहीत असतं. ते तुमचा आवाज सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या बारीक तुकड्यांत कापतं, कुठला तुकडा कुठल्या ध्वनीचा असावा ते जुळवतं, आणि मग प्रत्येक ध्वनी, त्याला शिकवताना ऐकवलेल्या नमुन्यांशी कितपत मिळतो याचा हिशोब करतं. टक्के म्हणजे तो हिशोब. तुमचं बोलणं माणसाला कळेल का, हा प्रश्न त्यात कुठेच विचारलेला नाही. नमुने अमेरिकन असतील तर मराठी ट नेहमीच लाल होणार, कारण आपली जीभ टाळूकडे वळते आणि त्यांची दातांमागच्या कंगोऱ्याला लागते. फरक आहे हे यंत्राने बरोबर ओळखलं. फरक म्हणजे चूक, हे त्याच्या बनवणाऱ्यांनी ठरवलं.

या यंत्रांचा कानही सगळ्यांसाठी सारखा नसतो. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांची बोललेलं लिहून घेणारी यंत्रं तपासली. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९ शब्द चुकले, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५. ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे त्या माणसांची ही गत. तेव्हापासून यंत्रं पुष्कळ सुधारली. ओपनएआयचं 'व्हिस्पर' २०२२ मध्ये आलं ते ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकून. तरी पेठ-सुरगाण्याच्या मुलीने लाल रंग पाहिला की तिने आधी स्वतःलाच दोषी धरू नये, एवढं सांगायला तो जुना आकडा पुरेसा आहे.

दुसऱ्या प्रकारचं साधन म्हणजे गप्पा मारणारं. चॅटजीपीटीसारखं. त्याचा दोष नेमका उलटा आहे. यातली बरीच साधनं तुमचं बोलणं आधी लिखाणात बदलतात आणि मग ते लिखाण वाचून उत्तर देतात. तसं असेल तर उत्तर देणाऱ्याने तुमचा आवाज ऐकलेलाच नसतो! शिवाय संदर्भावरून शब्द ओळखण्यात ती तरबेज असतात. बागेच्या गोष्टीत 'वाइन' म्हटलं तरी ती 'व्हाइन' लिहून मोकळी होतात आणि वर कौतुक करतात की तुमचा उच्चार छान आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने अशी दोन महिने शाबासकी मिळवली होती. बोलायची भीड मोडायला हे उत्तम आहे, आणि भीड मोडणं ही छोटी गोष्ट नव्हे. उच्चार तपासायला मात्र त्याच्यावर विसंबू नये.

तपासायचं तर मी मुलांना फोनच्या कीबोर्डवरचा माइक वापरायला सांगते. फुकट आहे. वाक्य म्हणायचं नाही, एकेकटा शब्द म्हणायचा, म्हणजे संदर्भाचा आधार मिळत नाही. 'शिप' म्हणायचं असताना 'शीप' लिहून आलं तर आपला स्वर लांबला. एकदा चुकीचं आलं म्हणून घाबरायचं नाही, पाचदा म्हणायचं. पाचातून चारदा भलतंच आलं तर मग तिथे काम करायचं.

कुठे काम करायचं आणि कुठे नाही, हे सांगायला आता आधारही भरपूर आहे. कॅनडातले संशोधक मन्रो आणि डरविंग यांनी १९९५ मध्येच दाखवून दिलं की बोलण्यावर मायबोलीची छाप ठळक असली तरी ते पूर्णपणे कळू शकतं. छाप आणि दुर्बोधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनच्या जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मध्ये, इंग्रजी मायबोली नसलेले लोक एकमेकांशी बोलतात तेव्हा नेमकं कशामुळे अडतं याचा अभ्यास मांडला. 'थ'चा तो जीभ दातांत धरायचा उच्चार त्यांनी अत्यावश्यक यादीतून काढून टाकला. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेच्या, भाषा किती येते हे मोजणाऱ्या चौकटीतली उच्चारांची मोजपट्टी २०१८ मध्ये नव्याने लिहिली गेली, तेव्हा मूळ भाषकासारखं बोलणं हा निकष बाजूला ठेवून कळण्याजोगेपणा मध्यभागी आणला गेला. परदेशी जाणाऱ्यांची आयईएलटीएस परीक्षासुद्धा उच्चाराला बोलण्याच्या गुणांपैकी चौथा हिस्सा देते, आणि तिथेही बोलणं कळतं का हे पाहिलं जातं. म्हणजे परीक्षा घेणारे पुढे गेले, आणि आपल्याकडचे क्लास अजून 'अमेरिकन ॲक्सेंट तीन महिन्यांत' असे फलक लावून फिया घेत आहेत.

मराठी तोंडाने इंग्रजी बोलताना कुठे अडतं ते मला वर्गात रोज दिसतं. व्ह आणि व हे पहिलं. गंमत अशी की आपल्या लेखनात हा फरक आहे. 'व्हॅन' आणि 'वॉच' आपण वेगळे लिहितो. बोलताना घाईत दोन्ही एक होतात. व्हला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज घुमवायचा, वला दात लांब ठेवून ओठांचा चंबू करायचा. आरसा धरून दहा मिनिटांत जमतं. दुसरं म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. इंग्रज माणूस तिथे हवेचा झोत सोडतो. आपण सोडत नाही, आणि आपला 'पिन' त्याला 'बिन' वाटू शकतो. हा झोत मराठीत आहेच की! 'फळ'मधला फ दात न लावता म्हणून बघा. 'पिन' म्हणताना त्याचा थोडा अंश घेतला की झालं. हे ॲप सांगत नाही. ते फक्त लाल करतं. मराठी येणारा शिक्षकच सांगू शकतो की तुला हवा असलेला ध्वनी तुझ्या घरातच आहे, दुसऱ्या फडताळात.

सगळ्यांत मोठी अडचण आघाताची, म्हणजे अक्षरावरच्या जोराची, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. आपल्या ओवी-अभंगात अक्षरं मोजतात. प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा मिळतो, आणि बोलतानाही आपण तसाच देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि शेजारची अक्षरं अंग चोरून घेतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये तो सरकून दुसऱ्यावर जातो, आणि शब्दाचा सगळा चेहरा बदलतो: 'फटॉग्रफर'. 'डेव्हलप' आपण पहिल्या अक्षरावर आपटतो. तो आहे 'डिव्हेलप', जोर मधल्यावर. 'कम्फर्टेबल' चार अक्षरं घेऊन चालत येतो आणि तीनच होऊन जातो. ऐकणाऱ्याचा कान जोराच्या जागेवरून शब्द ओळखत असतो, त्यामुळे सगळे ध्वनी बरोबर असूनही जोर चुकला तर शब्द हरवतो. माझं मत विचाराल तर साधन निवडताना ते आघात दाखवतं का हे आधी पाहावं. र आणि ट राहू द्यावेत जसे आहेत तसे.

आणि कुणी मराठी मुलांच्या कानाला नावं ठेवू नयेत. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळे आहेत, 'जन'मधला ज आणि 'जड'मधला ज वेगळे आहेत. लिहिताना एकच अक्षर, तरी तीन वर्षांचं पोर कधी चुकत नाही. कुणी शिकवलं त्याला? ऐकून ऐकून आलं. इंग्रजी त्याच्या कानावर पडलीच नाही, एवढाच त्याचा कमीपणा.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले. उच्चारावरून माणसाची किंमत करणं आपण इंग्रजीकडून शिकलो नाही. 'आनि', 'पानी', 'लोनी' म्हणणाऱ्या मुलांना मराठीच्याच तासाला काय ऐकून घ्यावं लागतं ते मी पाहिलं आहे. बागलाण-मालेगावकडचं अहिराणी बोलणारं पोर नाशिकला येतं आणि पहिल्या आठवड्यात हेल लपवायला शिकतं. 'शुद्ध' या एका शब्दाने आपण कितीतरी जणांना वर्गात गप्प केलं, आणि गप्प झालेले कोण होते, कुठल्या गावाचे, कुठल्या घरांतले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या शहरात कुसुमाग्रज राहिले, ज्यांच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठीचा गौरव करतो, त्या शहरात तरी मराठीचा ठसा हा इंग्रजीतला डाग मानला जाऊ नये. मला भीती वाटते ती हीच, की शुद्ध-अशुद्धाचा तो जुना खेळ आता टक्क्यांत मांडला जाईल. शिक्षकाचं हसणं निदान अन्याय म्हणून ओळखू तरी येत होतं. पडद्यावरचा आकडा शास्त्र वाटतो, त्याच्याशी कुणी भांडत नाही.

पालक मला विचारतात, "मॅडम, हे सगळं खरं, पण मुलाखतीत समोरचा हसला तर? नोकरी तर त्याच्याच हातात आहे." हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पूर्वग्रह आहे, आणि त्याची किंमत मुलंच मोजतात. माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. मुलाखतीत बहुतेकदा नडतं ते अडखळणं, पुटपुटणं, शब्द न कळणं. आणि ते सुधारतं. उरलेला भाग, म्हणजे कळूनही हसणं, तो सुधारायची जबाबदारी मुलाची नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मुलाखती घेणारे बहुतेक आपलेच लोक आहेत, मराठी घरांतले. त्यांना हे सांगायला आपण का कचरावं?

शिवाय 'ॲक्सेंट' हे विकत घ्यायचं कौशल्य म्हणून किती दिवस टिकेल? टेलिपरफॉर्मन्स ही मोठी कंपनी भारतातल्या कॉल सेंटरांत बोलणाऱ्याची धाटणी जागच्या जागी बदलणारं 'सानास' या कंपनीचं तंत्रज्ञान वापरत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. बोलणारा इथला, पलीकडे ऐकू येणारा स्वर तिथला. मला ते बघून वाईट वाटलं. आपला आवाज आपल्याला न विचारता धुऊन पुढे पाठवल्यासारखं. पण त्यातून एक हिशोब स्पष्ट होतो. ज्या वस्तूसाठी क्लासवाले हजारो रुपये घेतात ती यंत्र सेकंदाच्या आत करून देतं. समोरासमोर उभं राहून, डोळ्यांत बघून, कळेल असं बोलणं मात्र ज्याचं त्यालाच करावं लागणार आहे.

भरतीत यंत्राकडून बोलण्याची परीक्षा घेणं सुरू होऊन बराच काळ झाला. पिअरसनची 'व्हर्सांट' चाचणी त्यातलीच. अशा चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून कुणाचा अर्ज बाजूला पडणार असेल, तर आधी ते ध्वनिमुद्रण एका माणसाने ऐकावं, आणि उमेदवाराला त्याचं काय चुकलं ते कळावं, एवढी मागणी नाशिकच्या कॉलेजांनी, भरतीसाठी येणाऱ्या कंपन्यांकडे करायला काय हरकत आहे? आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत अशी साधनं येतील तेव्हा त्यांत समजावणं मराठीतून असावं. दात कुठे, ओठ कुठे, झोत किती, हे मराठीत सांगितलं की मुलांना पटकन उमजतं. टक्के दाखवूच नयेत.

आमच्या वर्गात आम्ही एका फोनवर हे करतो. फळ्यावर जोड्या लिहिलेल्या असतात. एक जण पाठमोरा उभा राहून त्यातला कुठलाही एक शब्द म्हणतो. बाकीच्यांनी जो ऐकू आला तो वहीत लिहायचा. फोनही लिहितो. मग हात वर. गेल्या गुरुवारी नांदूरकडच्या एका मुलीने 'वेस्ट' म्हटलं, दिशा. फोनने 'बेस्ट' लिहिलं. एक्केचाळीस वह्यांपैकी अडतीस वह्यांत दिशाच होती. ती वळली, फोनकडे बघितलं, मग वर्गाकडे, आणि म्हणाली, "परत म्हणू?" तीन वेळा म्हणाली. तिसऱ्यांदा फोनलाही कळलं. पण तोवर तिची पुढच्या शब्दाची घाई सुरू झाली होती.